पॅनेलच्या डोक्यावर

त्याला पाठीमागे सगळे नियमराव म्हणत, आणि हे आपल्या गावीही नाही असं तो दाखवत असे. खरं तर पहिल्यांदा ते नाव कानावर आलं तेव्हा पुन्हा ऐकायला मिळतंय का म्हणून तो जिन्यात चांगला थांबून राहिला होता. इमारतींच्या छताखालून लाल रंगाचे पाइप कुठून न्यायचे आणि आग लागली की पाणी शिंपडणारे स्प्रिंकलर त्यांना कुठे लावायचे, हे ठरवणं हा त्याचा व्यवसाय. नकाशा तोच काढणार, कामावर देखरेख तोच करणार आणि शेवटी सगळं नियमाप्रमाणे झालंय अशा दाखल्यावर सहीही तोच ठोकणार. मग अग्निशमन खात्याचे अधिकारी तपासणीला येतात, त्यांनी मान डोलावली की इमारत उघडते. एवढ्या अधिकाराने माणूस बिघडतो. हाही बिघडला होता, फक्त त्याला वाटत होतं की आपण बिनचूक झालोय.

त्याचा लाडका विषय म्हणजे विजेची खोली. "लोकांना वाटतं, विजेच्या खोलीत पाण्याचा पाइप म्हणजे पाप," तो सुरू करायचा. "अजिबात नाही! खोलीत स्प्रिंकलर हवाच. आग काय तुमचं पॅनेल बघून लाजणार आहे? फक्त पॅनेलच्या बरोबर डोक्यावर पाइप नको. पॅनेलच्या लांबीरुंदीचा चौकोन धरा आणि तो सरळ वर सहा फूट उचला. आधी स्लॅब लागला तर स्लॅबपर्यंत. ती जागा पॅनेलची. तिथे परक्याने पाऊल ठेवायचं नाही." परक्याने म्हणताना त्याचं बोट हवेत नाचायचं. हे भाषण त्याने प्रशिक्षणवर्गांत दिलं होतं, लिफ्टमध्ये दिलं होतं, आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही द्यायला घेतलं होतं.

वर्गात तो एक फोटो दाखवायचा. कुठल्याशा गोदामात पॅनेलच्या वरून पाण्याचा पाइप गेलेला, आणि त्यावर उपाय म्हणून मधे पत्र्याचा ट्रे टांगलेला. "हे बघा, डोक्यावर घमेलं घेऊन कामावर निघालेलं पॅनेल!" या वाक्यावर वर्ग हसायचा, मग तो गंभीर होऊन सांगायचा की ट्रे चालतो, पण पाइप त्या सहा फुटांच्याही वर असेल तर. त्याच्या आत असेल तर पाइपच हलवायचा, ट्रे लावणं ही स्वतःच्या डोळ्यांत धूळफेक. दरवेळी तोच फोटो आणि तोच विनोद. हसणारे नवे असायचे म्हणून निभावून जायचं.

तर अशा या माणसाकडे गावातल्या नव्या डायलिसिस केंद्राचं काम आलं, आणि ते त्याने जरा जास्तच जीव ओतून केलं. कारण त्याची ताई. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी, तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. भावजी गेल्यापासून एकटीच राहायची. आठवड्यातून तीनदा पहाटेची बस पकडून मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जायची, चार तास मशीनला जोडून पडायची आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखी घरी यायची. नवं केंद्र तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. तिचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, आणि बांधकाम चालू असतानाच तिने जाऊन खिडकीजवळचा पलंग धरून ठेवला होता. "बंडू, तुझ्या त्या लाल नळ्या लवकर लाव बाबा," ती म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या, केस रंगवणाऱ्या नियमरावाला बंडू म्हणणारी जगात एवढी एकच व्यक्ती उरली होती.

महिन्यापूर्वी तिथे एक प्रसंग घडला होता. विजेच्या खोलीचं दार आत उघडायचं ते थेट पॅनेलवर येऊन आदळायचं. पॅनेलपुढे माणसाला उभं राहून काम करायला मोकळी जागा हवी, हाही नियमच. नियमरावाने टेप काढला, गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने चौकोन आखला आणि निकाल दिला की पॅनेल समोरच्या भिंतीला गेलं पाहिजे. वायरमन काकुळतीला आला. केबली ओढून झाल्या होत्या, जोडण्या झाल्या होत्या. "साहेब, दार बाहेर उघडणारं करू की!" तो म्हणाला. पण बाहेर बोळ अरुंद होता, आणि नियमरावाला एव्हाना चेव आला होता. शेवटी ते कपाटाएवढं धूड सहा माणसांनी शिव्या घालत समोर नेलं. त्या संध्याकाळी नियमरावाने ही हकिगत ताईला रंगवून सांगितली होती, स्वतःचे संवाद जरा सुधारून.

आता तपासणी परवावर आली होती. शेवटची नजर टाकायला तो विजेच्या खोलीत गेला, तेव्हा वायरमन आणि पाइपचं काम करणारा फिटर दोघंही तिथेच होते. राग विसरलेला वायरमन म्हणाला, "साहेब, तुमच्या पॅनेलबरोबर तुमचा एक फोटो होऊन जाऊ दे."

तुमचं पॅनेल! नियमराव खुलला. शर्ट खोचून, एक हात पॅनेलच्या खांद्यावर ठेवल्यासारखा ठेवून तो उभा राहिला. वायरमनने बोळात मागे सरून सरून फोटो काढला आणि मोबाइल पुढे केला. नियमरावाने आधी स्वतःचं पोट पाहिलं. मग केस पाहिले. मग उगाच एक नजर पॅनेलवर टाकली, आणि पॅनेलच्या वर, हात उंच केला तर लागेल इतक्या जवळून, लालचुटूक पाइप फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला दिसला. बरोबर मधोमध त्याचा जोड होता. जिथून पाणी झिरपायचं तर पहिल्यांदा झिरपतं, तो जोड.

घाबरला की माणूस जे करतो तेच त्याने केलं. तो ओरडला.

"हा पाइप इथे कुणी आणला?"

फिटर शांतपणे वर बघत म्हणाला, "पाइप कुठे हललाय साहेब? तुमच्या नकाशात होता तिथेच आहे. पॅनेल आलं त्याच्याखाली."

"मग पॅनेल इथे कुणी..." म्हणून नियमरावाने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. वायरमन भला माणूस. त्याने खिशातून टेस्टर काढला आणि तो जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय असा निरखत बसला.

म्हणजे झालं होतं ते असं. पॅनेलच्या पुढची जागा मोकळी करण्यासाठी त्याने ते हलवलं, आणि ते करताना पॅनेलच्या वर काय आहे हे बघितलं नाही. ज्याने आयुष्यभर लोकांना वर बघा, वर बघा म्हणून पिडलं, तो गुडघ्यावर बसून खडूने फरशी रंगवत राहिला. दुसरा कुणी हे करूच शकला नसता. त्यासाठी एक नियम इतका तोंडपाठ लागतो की त्याच्या नादात दुसरा, त्याहून तोंडपाठ असलेला, विसरता येतो. एवढी विद्वत्ता पंचक्रोशीत त्याच्याशिवाय कुणाकडे नव्हती.

"साहेब, ट्रे लावू या की," वायरमन हळूच म्हणाला. "पत्र्याचा. एक नळी काढून देतो बाहेर. तासाभराचं काम. तपासणीला येणारे काही शिडी लावून बघत नाहीत."

नियमरावाने त्याला तिथल्या तिथे झापायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "बघू."

पाइप हलवायचा तर लाइनमधलं सगळं पाणी काढा, पाइप कापा, भिंतीच्या कडेने नवा न्या, पुन्हा पाणी भरा आणि दाब देऊन तपासा. चारपाच दिवस कुठेच जात नाहीत. म्हणजे परवाची तारीख हुकली. आणि पुढची तारीख महिन्याने, कारण त्या खात्यात तपासायला माणसं दोन आणि इमारती शेकड्यांनी. महिना म्हणजे ताईच्या बाराएक खेपा. इथेच घोडं पेंड खात होतं.

स्कूटरवरून घरी जाताना त्याच्या डोक्यात एक वकील जागा झाला आणि काय सुंदर बोलायला लागला! जोड तपासलेला आहे, थेंबही गळलेला नाही. ट्रे अगदीच बेकायदा थोडाच आहे, काही ठिकाणी चालतोच ना? शिवाय आता सही करावी, केंद्र उघडू द्यावं, मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी गुपचूप पाइप हलवावा. हा शेवटचा मुद्दा त्याला इतका पटला की सिग्नल हिरवा झाला तरी तो हलला नाही आणि मागच्याने शिवी घातली. नंतर करू म्हणून सोडलेले किती पाइप त्याने वीस-वीस वर्षांनी तिथेच बघितले होते! त्या फोटोतलं घमेलंसुद्धा कुणीतरी तात्पुरतंच लावलं असणार.

तो घरी गेलाच नाही. ताईकडे गेला.

ताई टेबलाशी बसून स्वतःसाठी पाणी मोजून बाटलीत भरत होती. दिवसभरात तिला तेवढंच प्यायची परवानगी. "ये. चहा तुझा तू कर, मला नको," ती म्हणाली.

चहा करता करता त्याने आडून सुरुवात केली. "ताई, समज, एखाद्या इंजिनिअरने एखाद्या ठिकाणी एखादं पॅनेल..."

"काय चुकवून ठेवलंस?"

त्याने सगळं सांगितलं. खडूचा चौकोन, फोटो, जोड, ट्रे. ताई ऐकत होती. पॅनेल कुणी हलवलं या मुद्द्याशी आल्यावर ती हसायला लागली. "म्हणजे ते सहा माणसं लावून... आणि मला येऊन सांगितलंस पण... तूच!" हसता हसता तिला धाप लागली, तशी त्याने तिची पाठ चोळली, आणि तोही हसला. क्षणभर वाटलं, सुटलो.

मग तिने डोळे पुसले. "आता मला का सांगतोयस?"

"तुझं मत काय ते विचारावं म्हटलं."

"माझं मत?" तिचा आवाज बदलला. "मी म्हटलं लाव ट्रे, तर उद्या काही झालं की ताई म्हणाली होती. मी म्हटलं नको लावूस, तर महिनाभर मी बसमधून हाल काढायचे आणि तू म्हणणार, ताई किती समजूतदार. दोन्हीकडून माझ्याच डोक्यावर. फार हुशार आहेस रे."

त्याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं, कारण तो अगदी यासाठीच आला होता. इतका वेळ त्याला स्वतःलाही ते कळलं नव्हतं.

"कंटाळलेय मी त्या बसला," ताई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? परवा येताना शेजारच्या बाईच्या पिशवीत उलटी झाली माझी. तिच्या भाजीवर. मला तो महिना नकोय." तिने बाटलीचं झाकण लावलं. "मागे एकदा तिथे लाइट गेली होती, तुला बोलले नव्हते. आम्ही सगळे मशीनवर. पंप थांबले. नर्सने मशीनचा दांडा हाताने फिरवायला घेतला, रक्त परत अंगात जायला हवं ना. पलंग आठ आणि नर्स दोन. ती माझ्याकडे येईपर्यंत नळीत माझं रक्त नुसतं उभं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. पाचच मिनिटं असतील. पण ते असं थांबलेलं बघवत नाही, बंडू."

पॅनेलच्या डोक्यावरच्या जागेचं ते कलम त्याने हजार वेळा वाचून दाखवलं होतं, आणि पॅनेल बंद पडलं की पलीकडे काय थांबतं, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्याला नेहमी पॅनेलचीच काळजी वाटत आली होती.

"हे मी तुला नको लावूस म्हणून नाही सांगितलं," ताई म्हणाली. "नुसतं सांगितलं. काय करायचं ते तुझं तू कर. आणि चहा उतू गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर बसला. रस्ताभर त्याने वाक्य घोळवलं होतं, आणि ते मोठं देखणं झालं होतं. "पॅनेलचं स्थलांतर करण्यात आल्यामुळे वरून जाणाऱ्या पाइपच्या संदर्भात एक अडचण निर्माण झालेली आहे," तो म्हणाला. त्या वाक्यात माणूस एकही नव्हता.

"स्थलांतर कुणी केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते... करण्यात आलं."

"कुणाकडून?"

"मी केलं," तो म्हणाला. "मी हलवायला लावलं आणि वर बघितलं नाही. पाइप कापावा लागेल. उद्याच्या दाखल्यावर मी सही करू शकत नाही."

डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि ड्रॉवरमधून पेशंटची यादी काढून त्याच्यापुढे सरकवली. "यांना सोमवारी या म्हणून सांगून झालंय. आता महिन्याने या म्हणून तुम्ही सांगा. माझ्या नर्सनी का ऐकून घ्यायचं?"

तो बोळात स्टुलावर बसला आणि फोन लावू लागला. आत फिटरने लाइनचं पाणी सोडलं होतं, त्याचा बादल्यांत पडल्याचा आवाज येत होता. पहिल्या फोनला त्याने नियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ते राहू दे, गाडीभाडं तुम्ही देणार का?" दुसऱ्या फोनवर एक बाई रडली. तिसऱ्याने त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला, आणि नियमराव मधेमधे "बरोबर आहे" म्हणत राहिला, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर त्याने नियम सांगणं सोडून दिलं. चूक माझी आहे, महिना लागेल, माफ करा. एवढंच.

यादीत सगळ्यात वर असलेलं नाव त्याने शेवटी ठेवलं होतं.

"हां, बोल," ताई म्हणाली.

"केंद्र महिन्याने उघडेल. चूक माझी आहे. माफ करा," तो म्हणाला. इतक्या जणांना सांगून जिभेला तेच वळण पडलं होतं.

"कापलास?"

"कापतायत."

"बरं." मग म्हणाली, "उद्या पहाटेच्या बसला ये. दोन वर्षांत एकदा तरी बघ."

तो गेला. पुढच्या खेपेलाही गेला, आणि त्याच्या पुढच्याही. महिना हा शब्द त्याने नुसता कॅलेंडरवर पाहिला होता. आता तो त्याला तुकड्या-तुकड्यांनी दिसू लागला. सुया टोचताना ताई भिंतीकडे बघायची. तिसऱ्या तासाला तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे आणि ती चादर दातात धरायची. नंतर वजनकाट्यावर उभं राहायलाही तिला त्याचा हात लागायचा. तिसऱ्या खेपेला बसथांब्यावर ती खांबाला धरून उभी राहिली, आणि त्या वेळी कुणी ट्रे चालवून घेणारा दाखला पुढे केला असता तर त्याने न वाचता सही केली असती. आपण योग्य तेच केलं हे त्याला ठाऊक होतं. त्याने काडीचाही आनंद होत नव्हता.

त्या परतीच्या बसमध्येच फिटरचा फोन आला. "साहेब, लाइन भिंतीकडून नेली. दाब देऊन बघितला, एक थेंब नाही."

ताईने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "झालं?"

"झालं."

"म्हणजे आता तिथे सगळं बरोबर आहे."

"हो."

"आणि मी इथे बसमध्ये."

"हो," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

ती नाही म्हणाली नाही. बस खड्ड्यातून गेली, आणि तिच्या दंडावरच्या पट्टीवर लाल ठिपका उमटला. बघता बघता तो रुपयाएवढा झाला. नियमरावाचे डोळे पांढरे झाले. "घाबरू नकोस," ताई म्हणाली, "सुईच्या जागेतून येतं कधीकधी. दाबून धर. पण जोरात नाही, आतलं वाहणं चालू राहिलं पाहिजे, नाहीतर मशीनला जोडायची ही शीरच बंद पडेल. नुसतं बाहेर यायला नको."

त्याने अंगठा ठेवला. पट्टीखाली तिचं रक्त थरथरत धावत होतं, मांजर अंगाशी घुरघुरावं तसं. जरा जास्त दाबलं की ती थरथर मंदावायची, आणि घाबरून तो अंगठा सैल करायचा. किती दाबायचं हे त्याने कुठेही वाचलेलं नव्हतं. जन्मभर पाइपांत काढलेल्या त्या माणसाला घाम फुटला होता.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाली, "सोड आता. थांबलं असेल."

"असू दे," तो म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि तिला झोप लागली. गाव येईपर्यंत त्याने अंगठा काढला नाही.